मगरिबचे सात सेकंद

ही हकीगत सांगायची मी आजवर टाळत आलो. विचारणारे कमी नव्हते. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या बिल्डिंगमध्ये, रमजानच्या इफ्तारीला, कुणाच्या लग्नाच्या जेवणात, विषय निघायचाच. "चाचा, त्या रेडिओवरच्या गोऱ्याचं काय झालं ते सांगा ना." मी पाण्याचा घोट घ्यायचो आणि म्हणायचो, "जाऊ दे रे, झालं गेलं." माझं हे गप्प बसणं लोकांना माझा मोठेपणा वाटायचा. तो मोठेपणा नव्हता. त्या माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली आणि हे मी कुणालाही, बायकोलाही, सांगितलेलं नाही.

आधी माणूस कसा होता ते सांगतो.

स्टुडिओत आला की तो खिशातून तळहाताएवढा गोल आरसा काढायचा आणि चिमट्याने माइकसमोर लावायचा. मग केस विंचरायचा. रेडिओवर बोलायला केस विंचरून बसणारा माणूस मी तरी तोवर पाहिला नव्हता. मग दोन बोटांनी गाल वर ढकलायचा, दात दाखवायचा, आणि काचेपलीकडे बसलेल्या मला म्हणायचा, "चीफ, चेहरा हसला नाही तर आवाज हसत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. मी स्वतः शोधून काढलं."

हे रेडिओवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगतात. मलाही सांगितलं होतं, आणि मी तर बोलणाऱ्यांतला नव्हतोच.

तो इंग्रजीत बोलायचा, मी इथे मराठीत लिहितो आहे. समोर मी त्याला 'सर' म्हणायचो. इथे 'तो' म्हणतो, कारण मनात मी त्याला नेहमी 'तो'च म्हटलं. माझं नाव त्याने कधी विचारलं नाही. मीही चीफ, झाडूवाला नेपाळीही चीफ, दारावरचा सुदानी रखवालदारही चीफ.

मी मूळचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. तरुणपणी दोह्याला आलो तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला. तिथून एका लहानशा खासगी इंग्रजी रेडिओ स्टेशनवर लागलो, ऑपरेटर म्हणून. बोलणारा एका खोलीत, ऑपरेटर दुसऱ्या खोलीत, मध्ये काच. बोलणाऱ्याचा माइक चालू-बंद करायचा तो ऑपरेटरने. त्यासाठी समोर एक सरकती कळ असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की माणूस साऱ्या शहराला ऐकू येतो, खाली ओढली की तो फक्त स्वतःला ऐकू येतो. त्याला दुसरी अवस्था सोसत नसे.

त्याचं चरित्र आम्हाला पाठ होतं, कारण ते तो रोज सांगायचा. उत्तर इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावात जन्म. सोळाव्या वर्षी तिथल्या इस्पितळाच्या रेडिओवर सुरुवात. तिकडे म्हणे इस्पितळात पेशंटांसाठी गाणी लावणारा छोटा रेडिओ असतो. त्याचे पहिले श्रोते असे होते, ज्यांना उठून जाता येत नव्हतं. मग एका शहराच्या रेडिओवर सकाळचा कार्यक्रम. मग टीव्ही. टीव्हीचं नाव निघालं की तो खुर्चीत सरळ व्हायचा. "शनिवारी संध्याकाळी इंग्लंडमधले रस्ते ओस पडायचे, चीफ. पोलिसांना वाटायचं काय झालं." पुढच्या वर्षी त्याच्या सांगण्यात रस्ते ओस पडून चोऱ्याही वाढल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी एका मंत्र्याने संसदेत त्याबद्दल काळजी व्यक्त केली होती.

आमच्या स्टेशनवरच्या एका गोवेकर मुलीने इंटरनेटवरून तो कार्यक्रम शोधून काढला. दुपारचा होता. म्हाताऱ्या बायका प्रश्नांची उत्तरं देऊन किटली जिंकायच्या. आमचे साहेब त्यात सूत्रधार नव्हते. किटलीवरचा पडदा ओढणारे होते. शेवटच्या वर्षी मुख्य माणूस सोडून गेला तेव्हा याला पुढे उभं केलं, आणि कार्यक्रम बंद पडला. त्यानंतर त्याने टीव्हीवर सुऱ्यांचे सेट विकले, प्रवासी जहाजावर म्हाताऱ्यांना तंबोला खेळवला, आणि तिकडे जेव्हा विचारणारं कुणीच उरलं नाही तेव्हा तो आखातात आला. तुम्ही इथे राहिला असाल तर असे लोक तुम्हीही पाहिले असतील. तिकडे पुसली गेलेली पाटी इथे पुन्हा रंगवून लावतात.

आमच्याकडे त्याचा संध्याकाळचा कार्यक्रम होता, चार ते सात. माणसं ऑफिसातून घरी जाताना गाडीत ऐकतात तो. त्यात तो श्रोत्यांचे निरोप वाचायचा. निरोप फारसे यायचे नाहीत, म्हणून तो ते स्वतःच लिहायचा. दर गुरुवारी देशाच्या उत्तर टोकाच्या मदिनत अश शमालहून मार्गारेट नावाच्या एका बाईचा निरोप असायचा. मार्गारेटला त्याचा आवाज ऐकला की समुद्राची आठवण व्हायची. एकदा शमालहून खरोखरचा फोन आला. एक केरळी गृहस्थ होते, तिथे दुकान होतं त्यांचं. मला म्हणाले, "भाईसाब, बीस साल से शमाल में हूँ. हर आदमी को जानता हूँ. ये मार्गारेट कौन है?"

मी काचेपलीकडून त्याला विचारलं. तो जरासुद्धा गडबडला नाही. "त्यांना सांग, ती फार एकांतप्रिय आहे."

एक गोष्ट मात्र त्याची मान्य करावी लागेल, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. वेळ त्याला कळायची. तुम्हाला ठाऊक आहे, इथे रेडिओवर नमाजाच्या वेळेला काहीही चालू असलं तरी थांबतं आणि अजान लागते. मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची अजान, त्याच्या कार्यक्रमात यायची, हिवाळ्यात लवकर, उन्हाळ्यात उशिरा, रोज मिनिटाच्या फरकाने. भिंतीवर वेळांचा तक्ता असायचा. दुसरे बोलणारे अडखळायचे, वाक्य अर्धं तोडायचे. हा घड्याळाकडे न बघता बोलत बोलत असा उतरायचा की शेवटचा शब्द आणि शेवटचा सेकंद एकत्र यायचे. मग मी फेडर खाली ओढायचो, दोन सेकंद शांतता, आणि अजान सोडायचो. ही दोन सेकंदांची शांतता माझी होती. ती मला फार आवडायची. अख्ख्या दिवसात तेवढंच मी हवेवर सोडायचो, असं मला वाटायचं.

आणि रोज, न चुकता, माइक बंद झाला की तो हेडफोन काढून टेबलावर टाकायचा, बूट काढायचा, आणि म्हणायचा, "चला, चार मिनिटं या वाळूच्या ढिगाशी गोड बोलायला नको." काचेतून मला ते आतल्या स्पीकरवर ऐकू यायचं. बाहेर कुणाला नाही. ज्या शहराचं तो खात होता त्याला वाळूचा ढीग म्हणायचा, आणि चार मिनिटांनी पुन्हा गाल वर ढकलून त्याच शहराला 'माय लव्हली दोहा' म्हणायचा. किती वर्षं हे मी ऐकलं आणि त्याच्यासाठी झाकून ठेवलं.

मग एक रमजान आला.

आमची मॅनेजर लेबनीज बाई होती, करारी पण न्यायी. तिने ठरवलं, रमजानभर रोज इफ्तारीच्या आधी स्टेशनमधल्या एकेकाने आपल्या गावच्या इफ्तारीबद्दल दोन मिनिटं बोलायचं. मला म्हणाली, "तुम्हीही बोला. यल्ला, चला, इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज लावता."

मी घरी सात रात्री लिहीत होतो. खाडीवरून येणारा वारा, मशिदीपुढच्या ओट्यावर मांडलेल्या कलिंगडाच्या फोडी, आईच्या हातच्या तांदळाच्या खिरीतला नारळ. इंग्रजीत लिहिलं. मुलगा तेव्हा आठवीत होता, इंग्रजी शाळेत, त्याच्याकडून तपासून घेतलं. गावी भावाला कळवलं. त्याने मोबाइलवर स्टेशन लावलं आणि चार घरं जमवली.

मी बोललो. बरं बोललो असं अजून वाटतं. शेवटच्या वाक्यावर असताना त्याने आपला माइक उघडायची खूण केली. त्या दिवशी माझ्या जागेवर गोवेकर मुलगी बसली होती, तिने उघडला. तो म्हणाला, "थँक यू, चीफ. लोकहो, पुढच्या वेळी आम्ही खाली अक्षरं दाखवायची सोय करू." आणि माझे उच्चार करून माझंच एक वाक्य परत म्हणून दाखवलं. नारळाचं. मग हसला. आवाज छान हसला, कारण समोर आरसा होता.

घरी आलो तर बायको ताट वाढून बसली होती. मुलगा मान वर न करता म्हणाला, "अब्बा, प्लीज, डोंट डू इट अगेन." त्याच्या वर्गातल्या मुलांनी ऐकलं होतं. भावाचा फोन आला, तो म्हणाला, "भाईजान, काय बोललास ते कळलं नाही, पण बेस वाटलं. तो नंतर कोण हसत होता?"

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून. मीही ईद होईपर्यंत स्वतःला तेच सांगत होतो.

ईदनंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका साध्या मंगळवारी, मगरिबची वेळ आली. तो नेहमीसारखा उतरला, शेवटचा शब्द शेवटच्या सेकंदावर. माझं बोट फेडरवर होतं. खाली ओढायचं होतं. मी ओढलं नाही.

हे मी नीट लिहितो, कारण आजवर मनातसुद्धा मी ते नीट म्हटलेलं नाही. मी विसरलो नाही. माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं. बोट घसरलं नाही. तो काय म्हणणार हे मला शब्दान् शब्द पाठ होतं, आणि ते साऱ्या शहराला ऐकू जावं म्हणून मी थांबलो. माइक चालू असला की टेबलावर एक लाल दिवा लागतो. तो दिवा त्याच्या आरशाआड गेला होता. दुसरा दिवा दारावर, त्याच्या पाठीमागे. आरशात तोही दिसला असता, आपल्या चेहऱ्यापलीकडे त्याने कधी पाहिलं असतं तर.

दोन सेकंद शांतता. मग त्याचं वाळूच्या ढिगाचं वाक्य, सबंध. बूट जमिनीवर पडल्याचा आवाज. आणि त्याच वेळी, कारण माझा दुसरा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने आपलं काम करत होता, अजान सुरू झाली. पहिल्या 'अल्लाहु अकबर'वर त्याची जांभई आणि एक खोकला. तेव्हा मी फेडर खाली ओढला. सगळे मिळून सात सेकंद. मागून रेकॉर्डिंगवर मी मोजले.

मी पाच वेळचा नमाजी माणूस आहे. त्या माणसाला धडा शिकवायला मी अजानचा उपयोग केला. अपमान त्याने शहराचा केला होता. अजानीत त्याचा आवाज मिसळला तो मी.

फोन लगेच सुरू झाले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हा दोघांना बसवलं. ऑपरेटरने रोजची नोंदवही लिहायची असते. मी त्यात लिहिलं होतं: 'प्रेझेंटरचा माइक उघडा राहिला.' खोटं एक अक्षर नाही. तिने ते वाचलं आणि मला विचारलं, "कुणाकडून राहिला?"

प्रेझेंटरच्या टेबलावर एक बटण असतं, खोकला आला तर स्वतःचा माइक क्षणभर बंद करायला. त्या बटणामुळे माइक बंद करणं त्याच्याही हातात होतं, म्हणून हा प्रश्न विचारण्यासारखा होता. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तोच हसला.

"बाईसाहेब, अडतीस वर्षं झाली मला या धंद्यात. माझं तोंड माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही आणि कुणी बंद केलेलं नाही. चीफचा काय संबंध?"

ती माझ्याकडे पाहत होती. एक वाक्य पुरे होतं. माझा व्हिसा, मुलाची शाळा, गावचं घर, सगळं त्या एका वाक्यापुढे उभं राहिलं आणि मी मान खाली घातली.

"खलास मग," ती म्हणाली, आणि राजीनाम्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने आपली लांबलचक, सही मागायला आलेल्यांना देतात तशी सही केली. आठवड्याभरात तो गेला. निरोपाला कुणी नव्हतं.

त्याने तसं का म्हटलं, यावर मी अनेक फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या, वेळा घालवल्या आहेत. घमेंड, असं मी ठरवून टाकलं होतं. एका ऑपरेटरच्या बोटावर आपलं तोंड अवलंबून आहे, हे कबूल करण्यापेक्षा त्याला नोकरी गेलेली चालली. त्याला शोभेलसंच आहे. दुसरंही काही असू शकेल, पण ते मानायला मी तयार नव्हतो, कारण मग मी कोण ठरलो असतो?

इकडे गोष्ट पसरली ती निराळीच. गोऱ्याने अजानीत बडबड केली आणि आपल्या चाचांनी झडप घालून माइक बंद केला. पहिल्याच जुम्याला, शुक्रवारच्या नमाजानंतर, मशिदीबाहेर रायगडकडचा एक दुकानदार माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "चाचा, तुमी व्हतात म्हनून बरा झाला." मी हात सोडवून घेतले नाहीत. पुढे इफ्तारीला मला मधोमध बसवू लागले. माझा मुलगा, ज्याला माझ्या इंग्रजीची लाज वाटली होती, मित्रांना सांगू लागला, "माय डॅड स्टॉप्ड हिम." मी तेही ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर तेच मला सर्वात गोड लागलं.

आता तुम्ही सांगा, आरसा कुणाच्या समोर होता?

तीन वर्षांनी त्याचा फोन आला. दोह्यातल्याच अल गराफाच्या एका मॉलमध्ये फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन होतं, सूत्रसंचालनाला त्याला दोन दिवसांसाठी बोलावलं होतं. "चीफ, तुझे कान पाहिजेत. अर्धा तास."

मी सुट्टी टाकून गेलो. गाडी चालवताना एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो, इंग्रजीत, उच्चार घासून घासून. माफी मागायला चाललो होतो आणि भीती वाटत होती ती माझ्या उच्चारांना तो हसेल याची.

कॉफीच्या दुकानात तो आधीच येऊन बसला होता. केस तसेच रंगवलेले, पण मुळाशी बोटभर पांढरे. डावा गाल उतरला होता. म्हणाला, उन्हाळ्यात जरा झटका येऊन गेला, विशेष काही नाही. मग तो मार्गारेटसारख्या कुठल्याशा नव्या श्रोत्यांबद्दल, तिकडे सुरू होणाऱ्या कुठल्याशा नव्या स्टेशनबद्दल बोलत राहिला. मी मध्येच म्हटलं, "सर, ते त्या दिवशीचं, माइकचं..."

त्याने हात वर केला. "शिळ्या बातम्या कोण ऐकतं, चीफ? हे ऐक." आणि मोबाइल माझ्या कानाला लावला. त्याने नवं रेकॉर्डिंग केलं होतं, त्या स्टेशनला पाठवायला. "खरं सांग हं. तूच सांगशील."

मी ऐकलं. आवाज खचला होता. 'स'ला शिट्टी येत होती, वाक्यांची टोकं लोंबत होती, आणि वेळ चुकत होती. त्याची वेळ. ती चुकताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तो गाल वर ढकलून माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि एकच गाल वर जात होता.

"फर्स्ट क्लास, सर," मी म्हणालो.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. कॉफी अर्धी टाकून उठला, दुकानातल्या मुलीला चीफ म्हणाला, आणि सरकत्या जिन्यावरून खाली गेला. जिना उतरताना त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

गेल्या थंडीत गोवेकर मुलीने मला त्याच्या गावच्या वर्तमानपत्रातलं त्याच्या निधनाच्या बातमीचं कात्रण पाठवलं. चार ओळी होत्या. इस्पितळाचा रेडिओ, सकाळचा कार्यक्रम, किटल्यांचा खेळ. शेवटची ओळ अशी की प्रसारणादरम्यान केलेल्या आक्षेपार्ह विधानामुळे त्यांना आखातातली नोकरी सोडावी लागली. एका माणसाचं आयुष्य चार ओळींचं, आणि त्यातली एक मी लिहिलेली.

तो चांगला माणूस होता असं मी लिहिणार नाही. नव्हता. खोटारडा होता, उथळ होता, हाताखालच्यांना तुच्छ लेखणारा होता, आणि त्याच्याबद्दल मला जे वाटायचं ते मेल्यावरही फारसं बदललेलं नाही. पण ज्या गोष्टीसाठी त्याची नोकरी गेली ती त्याने केली नव्हती. वाक्य त्याचं, खोली बंद. खोली मी उघडली.

मुलाला मी हे परवा वाचून दाखवलं. तो आता इथेच इंजिनियर आहे, त्याच्याच घरी मी राहतो. मराठी त्याला समजतं, उत्तर इंग्रजीत देतो.  ऐकून झाल्यावर मात्र तो मराठीत म्हणाला, "अब्बा, लोकांना सांगणार?" मी म्हटलं, "हो."

अल गराफाला जाताना गाडीत घोकलेलं ते वाक्य त्याने ऐकलंच नाही. मी म्हटलंच नाही म्हणून. आता उच्चारांना हसणारं कुणी नाही, तेव्हा ते माझ्या भाषेतच लिहितो. सर, त्या संध्याकाळी तुमचा माइक मी उघडा ठेवला होता, जाणूनबुजून, आणि तुमच्या शेजारी बसून मी गप्प राहिलो. मला माफ करा.